काच पुसणाऱ्या अनू आगा

मंडळी, माझी ओळख करून देताना 'उद्योगक्षेत्रातला दांडगा अनुभव' असं म्हटलं गेलं. खरं सांगतो, मी बॉयलर अटेंडंट, म्हणजे पाण्याची वाफ करणारा बॉयलर सांभाळणारा. चिंचवडच्या एका कारखान्यात २२ वर्षं बॉयलर हाऊसमध्ये काढली. म्हणून थरमॅक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या माजी अध्यक्ष अनू आगा यांच्यावर बोला म्हटल्यावर मला पद्मश्री वगैरे आठवत नाही, गेज ग्लास आठवते.

बॉयलरच्या पुढच्या अंगाला ही काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. वाफेनं, क्षारांनी ती धुरकटते. मग कामचुकार माणूस काय करतो, तर कालच्या अंदाजावर नोंदवहीत आकडा टाकतो. आमचे उस्ताद म्हणायचे, आधी काच पूस, मग बोल. आणि पाणी दिसेनासंच झालं असेल, तर घाबरून गार पाणी सोडायचं नाही. पहिल्यांदा आग बंद.

थरमॅक्सची सुरुवात १९६६ ची. अनूताईंचे वडील ए. एस. भाथेना यांनी वॅन्सन इंडिया या नावानं ती केली, १९८० मध्ये नाव बदललं. जावई रोहिंटन आगा यांनी कंपनी मोठी केली. अनूताईंचं शिक्षण मात्र निराळंच. जन्म मुंबईचा, १९४२ चा. झेवियर्समधून अर्थशास्त्र, आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य. म्हणजे रुग्णाच्या शेजारी बसून तो काय सांगतोय, आणि काय सांगत नाहीये, ते ऐकण्याचं शिक्षण.

हे ऐकणं आधी घरातच कामी आलं असणार. १९८२ मध्ये रोहिंटन यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यात पक्षाघात. केंब्रिजमध्ये शिकलेल्या माणसाला अक्षरं आणि आकडे पुन्हा गिरवावे लागले. ते गिरवले, आणि कामावर परतले. अनूताई १९८५ मध्ये कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आल्या, पुढे विभागप्रमुख झाल्या.

१९९६ च्या फेब्रुवारीत रोहिंटन गेले. कंपनी जेमतेम वर्षापूर्वी शेअर बाजारात उतरलेली. दोन दिवसांत संचालकांनी अनूताईंना अध्यक्ष केलं. बहुतेक शेअर कुटुंबाकडे होते म्हणून खुर्ची मिळाली, हे त्या स्वतःच बोलून दाखवत. वारशानं आलेल्या खुर्चीबद्दल इतकं सरळ बोलणारं माणूस मी तरी फारसं पाहिलेलं नाही. वर्ष-सव्वा वर्षात मुलगा कुरुश रस्त्यावरच्या अपघातात गेला. पंचविशीतला मुलगा. यावर मी अधिक बोलत नाही.

मग मंदी आली. ४०० रुपयांवर असलेला शेअर ३६ वर आला. त्या दिवसांत एका भागधारकाचं निनावी पत्र आलं. तुमच्याकडे पैसा असेल, पण आम्हाला तुम्ही तोंडघशी पाडलंत, असा त्याचा आशय. निनावी पत्राची जागा केराची टोपली, हे आपल्याकडे बालवाडीपासून ठाऊक असतं. या बाईंची झोप उडाली. बाजार वाईट आहे, सगळ्यांचंच असं चाललंय, या समजुतीची काच त्यांनी पुसली आणि आत पाणी नाही हे पाहिलं. बाहेरचे सल्लागार बोलावले. संचालक मंडळ बरखास्त करून नव्यानं उभं केलं, त्यात घरच्यांनाही सवलत नाही. मूळ कामाशी संबंध नसलेले धंदे बंद केले. पुढे कंपनी सावरली. २००४ मध्ये मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे सूत्रं दिली, तेव्हा अनूताई ६२ वर्षांच्या होत्या.

'आधी कमावलं, मग वाटून दिलं' असं त्यांच्याविषयी लिहितात, ते मला पटत नाही. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर त्या मदत छावण्यांत जाऊन आल्या आणि सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्या व्यासपीठावर, उद्योगपतींच्याच पुढे, स्पष्ट बोलल्या. तेव्हा त्या थरमॅक्सच्या अध्यक्ष होत्या. बोलण्यानं ऑर्डरी जाऊ शकतात हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे! देणगीचा चेक त्यापेक्षा सोपा.

शिक्षणाचं काम मात्र चेकनं भागणारं नव्हतं. आकांक्षा संस्थेच्या जोडीनं थरमॅक्सच्या प्रतिष्ठाननं पुणे महापालिकेच्या शाळा चालवायला घेतल्या. तरुणांना शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या 'टीच फॉर इंडिया'ची पहिली तुकडी २००९ मध्ये मुंबई-पुण्यात वर्गांवर गेली, त्या संस्थेचं अध्यक्षपदही अनूताईंनी सांभाळलं. माझा एक आक्षेप आहे, तो सांगून टाकतो. महापालिकेची शाळा संस्थेनं चालवली की ती चांगली चालते, पण मग शेजारच्या शाळेचं काय? ते काम पालिकेचंच आहे, हे विसरायला होतं.

तरी महापालिकेच्या एका शाळेत मी मागच्या बाकावर बसून पाहिलंय. एक मुलगी मोठ्यानं वाचत होती, एका जोडाक्षराशी अडली. पोरगेल्या शिक्षिकेनं शब्द पुरवला नाही. वर्ग गप्प. मुलीनं दोनदा ओठ हलवले, आणि तिसऱ्यांदा शब्द आला. मला चुकून शिट्टी वाजवावीशी वाटली.

२०१२ मध्ये राज्यसभेवर तीन नावं नियुक्त झाली. सचिन आणि रेखा यांच्या फोटोंनी वर्तमानपत्रं भरली. तिसरं नाव अनू आगा. आमच्या कॅन्टीनमध्ये एकानं विचारलं, या कोण? मी म्हटलं, भिंतीपलीकडे जा आणि बॉयलरवरची पाटी वाच.

वेळ झाली. प्रश्न विचारा. बॉयलरचेही चालतील.