गाडी थंडच आणा

(शिरोली येथे ट्रकमालक व चालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गळीत हंगाम सुरू झाला की एक तक्रार हमखास येते. कारखान्याच्या यार्डात रात्रभर नंबर लावून थांबलेला ट्रक पहाटे सेल्फ मारला की पांढरा धूर ओकतो. मालक दुपारी तोच ट्रक चालवत शिरोलीला आणतो. तोवर इंजिन तापलेलं, धूर गेलेला. फिटरनं बघायचं काय? मग अंदाजपंचे नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, बदला, पंप उतरवा, आणि शेवटी इंजिनच खोला. माझं आज एकच मागणं आहे: गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला लावा. या दुखण्याचं निदान पहाटेच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतच होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६ ते १८ पट दाबली जाते, दाबानं तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. गार सिलिंडर ही उष्णता ओढून घेतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर हवा खाली निसटते. बॅटरी कमजोर असेल तर इंजिन हळू फिरतं आणि हवेला निसटायला, गार व्हायला वेळच वेळ मिळतो. डिझेल फवारलं जातं पण पेटत नाही, त्याचे बारीक थेंब सायलेन्सरमधून बाहेर पडतात, तोच हा धूर. म्हणून सगळ्यात आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा. हे सांगितलं की लोकांना फार साधं वाटतं आणि नेमकं तेच राहून जातं.

आता धुराजवळ उभे राहा. डोळे चुरचुरले, कच्च्या डिझेलचा वास आला आणि धूर रेंगाळला, तर ते न जळलेलं डिझेल. थंडीत सायलेन्सरच्या तोंडाशी दिसून लगेच विरणारी वाफ वेगळी, तिची काळजी नको.

डिझेल आहे हे ठरलं, तर पुढचा प्रश्न: सगळेच सिलिंडर चुकतायत की एखादाच? तापमान मोजायची गन घ्या आणि सुरू केल्या केल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या, प्रत्येक फाट्यावर धरा. जो फाटा तापायला मागे राहतो, तिथलं नोझल, कॉम्प्रेशन (हवेचा दाब) किंवा हिटर प्लग (गार सिलिंडर तापवणारा) बघायचा. हिटर प्लग मीटरला लावला की कळतो, चांगल्या प्लगचा रोध अगदी थोडा असतो, मेलेला काहीच दाखवत नाही. मोठ्या ट्रकच्या इंजिनात बहुतेकदा हिटर प्लग नसतोच, तिथे असलाच तर इनटेकमधला, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेवरचा, हिटर तपासायचा. सगळेच फाटे सारखे मागे असतील तर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) आणि डिझेलच्या लाइनीत धरलेली हवा यांच्यावर संशय घ्या. हँडपंप असेल तर सुरू करण्याआधी चार-सहा वेळा मारा. गाडी लगेच लागली, तर रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरतंय.

जुन्या पंपावर फिटर एकेक नोझलचा नट सैल करून सिलिंडर शोधायचे. कॉमन रेलवर, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या नोझलना मोठ्या दाबानं डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांवर, हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत शिरते. तिथे स्कॅनरच वापरायचा.

आणि इंजिन तापल्यावरही धूर पांढराच राहिला, वास गोडसर आला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) उतरत गेला, तर ते पाणी सिलिंडरात किंवा एक्झॉस्टमध्ये शिरून जळतंय. कारण हेड पॅकिंग (सिलिंडरवरच्या झाकणाखालची पट्टी), हेडची चीर, किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्यानं गार करणारा भाग). कूलर आधी काढून प्रेशर टेस्ट करून घ्या, कूलर फुटका निघाला तर हेड उतरवायचा खर्च वाचतो. अशी गाडी सकाळी सेल्फ मारताच अडकली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात ते साचलं असेल आणि तुम्ही जोर लावलात, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.