हातचा न घेणारा डोंगर

[काळा फळा. खडूने एकेक अंक उमटतो: १२३४५६७८९८७६५४३२१]

सतरा अंक. एकं, दहं, शतं म्हणत डावीकडे सरकत जा. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व मागे पडतात आणि टोकाचा एक बसतो तो ‘मध्य’ या स्थानी. भास्कराचार्यांच्या यादीत त्यापुढे फक्त परार्ध. एवढी मोठी संख्या, पण पाठ करायला कष्ट शून्य. नवापर्यंत चढायचं, आल्या वाटेनं उतरायचं.

[फळ्यावर गुणाकार मांडला जातो]

ही येते कुठून? नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, शाळेतल्यासारखं मांडून करा. नऊच्या नऊ ओळी सारख्याच, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज. उजवीकडच्या घरात एकच एक. शेजारी दोन. मग तीन. मधल्या घरात बरोब्बर नऊ, आणि तिथून उतार. सगळ्या बेरजेत हातचा एकदाही येत नाही!

[डोंबिवली स्थानक, लोकलची गर्दी]

ब्रिटिशकालीन जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या काळात या स्थानकाला डेम्लो म्हणत. देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, यांना अशा संख्यांची कल्पना इथे सुचली आणि त्यांनी नाव ठेवलं ‘डेम्लो संख्या’. १६५ घ्या: टोकांच्या १ आणि ५ ची बेरीज मधे बसलीय. २५५३ मध्येही तेच, फक्त पाच दोनदा. १२१, १२३२१ (१२ आणि २१ मिळून ३३, मधे तीन) आणि आपला डोंगर याच गोतावळ्यातले. (आज त्या फलाटावर आकडे सुचायला आधी उभं राहायला जागा मिळायला हवी.)

डोंगराच्या सगळ्या अंकांची बेरीज करा. ८१. आता त्या ८१ नेच डोंगराला भागा. बाकी शून्य! आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकर ‘हर्षद’ म्हणत, आनंद देणारी. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. नीट पाहा, या १२३४५६७९ मध्ये आठ नाही.

[ताडपत्राची पोथी]

कापरेकरांच्या हजारेक वर्षं आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त याचं धाकटं भावंड मांडलं होतं. २७९९४६८१ गुणिले ४४१, उत्तर १२३४५६५४३२१. सहापर्यंत चढून उतरणारं. अशा उत्तरांना ते गळ्यातल्या हाराची उपमा देत.

[पुन्हा फळा. ओळीत दहावा एक लिहिला जातो]

आता लोभ धरू. नऊऐवजी दहा एक. मधल्या घरात बेरीज दहा होते: शून्य मांडा, हातचा एक. शेजारच्या नवाचेही दहा होतात, पुन्हा हातचा. पलीकडच्या आठाचा नऊ होतो. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवा उतार जागच्या जागी आहे. डाव्या चढावर सातानंतर थेट नऊ, आणि शिखराच्या जागी दोन शून्यं.