पिवळी रेघ आणि साहेबाचे ओटे

(आकाशनिरीक्षणाच्या प्राथमिक वर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय ‘द्रव्य, ऊर्जा आणि अणू’ असा छापला आहे. पन्नास मिनिटांत विश्वातलं सगळंच उरकायचं, असा संयोजकांचा हिशेब दिसतो. आकाश काय ते पुढच्या रविवारी दाखवणार आहेत, आज ढग आहेत म्हणून अणू. चालेल.

सुरुवात विजयदुर्गापासून करतो. विजयदुर्ग पाहिलेले किती जण आहेत? अरे वा, निम्मा वर्ग. आणि तिथे हेलियमचा शोध लागला असं ऐकलेले? हात खाली घेऊच नका, तेवढेच आहेत.

काही वर्षांपूर्वी मी शाळेतली मुलं घेऊन तिथे गेलो होतो. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात त्यांना. आम्हाला किल्ला दाखवणारे काका मोठे रसाळ बोलणारे. ओट्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, हेलियम हंयच गावलो.” आमच्यातला एक सहावीतला मुलगा ओट्याभोवती फिरून आला आणि म्हणाला, “सर, पण खड्डा कुठाय?” सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. प्रश्न चांगला होता. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, वेळ उरला तर.

आता माझी तक्रार. गोष्ट अशी सांगतात की 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं, नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विजयदुर्गावर दुर्बीण लावून बसला आणि त्याला सूर्यावर हेलियम दिसला. यातलं ग्रहण खरं, तारीख खरी, लॉकियर खरा, ओटेही खरे. फक्त ते एकमेकांना त्या दिवशी भेटले नाहीत.

तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हाला पुरावाही लागू नये. 18 ऑगस्ट! नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, समुद्र खवळलेला, बंदर बंद, आठ-आठ दिवस सूर्य कुठल्या बाजूला उगवतो तेही कळत नाही. सूर्य बघायला त्या दिवसांत विजयदुर्गाला कोण जाईल? पत्रे शाकारायला माणूस मिळत नाही!

त्या ग्रहणासाठी फ्रान्सचा ज्यूल जान्सेन गुंटूरला होता. मद्रासच्या वेधशाळेचा पॉग्सन मच्छलीपट्टणला होता. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचा नातू जॉन, तो पटवर्धनांच्या जमखंडीला होता; तिथे ढगांनी छळलं त्याला, पण फटीतून दिसायचं ते दिसलं. आपला मराठी संबंध जोडायचाच असेल तर जमखंडीला जोडा, तिथे कोणी जात नाही. लॉकियर? तो इंग्लंडात. युद्धखात्यात कारकून होता तो तेव्हा. कचेरी सुटल्यावर घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाहायचा. म्हणजे तुमच्याआमच्यासारखा हौशी. ही गोष्ट मला किल्ल्यापेक्षा जास्त आवडते.

मग तो विजयदुर्गाला आला कधी? 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. जानेवारी! स्वच्छ आकाश, शहाणा माणूस. ओटे त्या मोहिमेचे. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला आपली यंत्रं घेऊन बसले होते. जेऊरला त्यांचे ओटे कोणी दाखवत नाही. पण 1898 पर्यंत हेलियम जुना झाला होता. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसेला तो 1895 मध्येच पृथ्वीवर, एका खनिजात, मिळाला होता.

हे मी एका समारंभात बोललो, तर मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, “सर, कशाला आता, पर्यटन वाढतंय.” वाढू दे की! लॉकियर तिथे येऊन गेला हे काय कमी आहे?

(चिठ्ठी आली. वीस मिनिटं? पंधरा? बरं.)

मुळात दिसलं काय होतं, तर एक रेघ. ग्रहण लागल्यावर सूर्याच्या कडेवरून तांबड्या ज्वाला उसळलेल्या दिसतात. त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करणाऱ्या उपकरणातून, पाहिला तर अखंड इंद्रधनुष्य दिसत नाही, सुट्या चमकदार रेघा दिसतात. त्यात एक पिवळी होती. पिवळी रेघ म्हणजे सोडियम, हे तेव्हा पाठच होतं सगळ्यांना.

तुम्हालाही पाठ आहे, फक्त लक्षात नाही. गॅसवर मिठाची आमटी उतू जाते तेव्हा निळी ज्योत एकदम पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. त्याच्या रेघा दोन, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीवर (हा त्या रंगाचा पत्ता समजा), अगदी खेटून. सूर्यातली ती पिवळी रेघही सोडियमचीच, असं ग्रहण पाहणाऱ्यांना वाटलं.

जान्सेनने दुसऱ्या दिवशी कमाल केली. रेघा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील, असं म्हणून त्याने 19 तारखेला भर उन्हात त्या पाहिल्या. लॉकियरलाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचलेली. त्याने 20 ऑक्टोबरला घरून पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. फ्रेंचांनी भांडण न लावता दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. आपल्याकडे दोन समित्या झाल्या असत्या.

आता रोज निवांत पाहता येऊ लागल्यावर लॉकियरच्या लक्षात आलं की पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नाही. जरा बाजूला आहे, 587.6 वर. दीड नॅनोमीटरही फरक नाही! प्रयोगशाळेतलं एकही मूलद्रव्य त्या जागी रेघ देईना. मग हे सूर्यातलं नवं काहीतरी, म्हणून ग्रीक ‘हेलिऑस’वरून हेलियम. शेवटी सोडियमसारखा ‘यम’ लावला, कारण धातू असेल अशी समजूत. निघाला वायू. नाव तसंच राहिलं.

(हो, हो, दहा मिनिटं.)

म्हणजे आता जे सांगायला आलो ते दहा मिनिटांत. वहीत घ्या.

द्रव्य अणूंचं बनलेलं असतं. मधे केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, बाहेर इलेक्ट्रॉन. प्रोटॉनची संख्या म्हणजे अणूची जात. एक असेल तर हायड्रोजन, दोन हेलियम, अकरा सोडियम. केंद्रकाची मोहरी केली तर अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा होईल, आणि वजन जवळजवळ सगळं त्या मोहरीत.

इलेक्ट्रॉनला कुठेही राहता येत नाही, ठरलेल्या ऊर्जेच्या पायऱ्यांवरच. दीड पायरीवर उभं राहता येत नाही तसं. वर चढायला नेमकी ऊर्जा लागते, खाली उतरताना तीच प्रकाश होऊन बाहेर पडते. हायड्रोजनमध्ये तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आला की 1.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) सुटतात, तो 656 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश. ज्वाला तांबड्या दिसतात त्या त्यामुळे. प्रत्येक जातीच्या अणूचा जिना वेगळा, म्हणून रेघा वेगळ्या.

आणि आता माझा मुद्दा. हेलियम सूर्याच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा आहे. मग सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटातल्या शेकडो काळ्या रेघांत, म्हणजे अणूंनी प्रकाश शोषल्याच्या खुणांत, तो आधीच का सापडला नाही? कारण त्याची पहिली पायरी फार उंच आहे, 20 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस; तिथे सरासरी अणूच्या खिशात एक इलेक्ट्रॉनव्होल्टसुद्धा नसतो. हेलियम आहे, पण पहिलीच पायरी त्याला परवडत नाही. वरच्या विरळ थरात, जिथे करोनाकडून, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या तप्त वातावरणाकडून, अतिनील किरण येतात, तिथे ती ऊर्जा मिळते आणि रेघ उमटते. म्हणजे रेघ दोन गोष्टी सांगते: अणू कोणता आणि त्याच्याकडे ऊर्जा किती. रेघ नाही म्हणून द्रव्य नाही, असं म्हणायचं नाही. हा हिशेब आपले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये मांडला. त्यावरून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी 1925 मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तेव्हाच्या थोरांना पटेना, म्हणून त्यांना प्रबंधात आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा असं लिहावं लागलं. यावर एक अख्खं व्याख्यान आहे माझ्याकडे. घाबरू नका.

द्रव्याची ऊर्जा कशी होते? सूर्याच्या गाभ्यात चार प्रोटॉनचा मिळून एक हेलियम होतो, वजनात 0.7 टक्के तूट येते. सेकंदाला 60 कोटी टन हायड्रोजन लागतो आणि त्यातलं 40 लाख टन द्रव्य ऊर्जा होऊन जातं. प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, राहिला, तो पुढच्या रविवारी.

(झालंच.) तो खड्डा. रॅमसेला हेलियम मिळाला तो युरेनियमच्या खनिजात. युरेनियम, थोरियम फुटताना अल्फा कण बाहेर टाकतात, आणि अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रकच. दोन इलेक्ट्रॉन पकडले की हेलियम तयार. तो खडकांतून झिरपत नैसर्गिक वायूच्या साठ्यांत अडकतो. एमआरआयच्या यंत्रात किंवा तुमच्या फुग्यात असतो तो हाच, विहिरी खणून काढलेला. तेव्हा त्या सहावीतल्या मुलाला खड्डा दाखवता आला असता मला. फक्त विजयदुर्गावर नाही.

चहा बाहेर आहे.