लांब उडीचा खड्डा आणि वेळासची पुळण

[दृश्य: ठाणे, रविवार सकाळ. शाळेचं मैदान. वाळूत खांद्यापर्यंत गेलेला एक हात.]

लांब उडीच्या खड्ड्यात आज कुणी उडी मारत नाहीये. समुद्री कासवाच्या घरट्याचा सराव म्हणून स्काऊट पथकातला एक मुलगा पालथा पडून वाळू उपसतोय. शेजारच्या बादलीत टेबल टेनिसचे शंभर चेंडू आहेत आणि प्रत्येकावर मार्करने एक काळा ठिपका.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी एका वेळी साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते. अंडं असंच दिसतं, पांढरं, गोल आणि जवळपास याच मापाचं. फरक वजनाचा. चेंडू तीन ग्रॅमसुद्धा भरत नाही, अंडं मात्र तीस ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे भरलेल्या घरट्याची अंडी तीन-साडेतीन किलो होतात. म्हणून बादलीच्या तळाशी ओली वाळू घालून तेवढं वजन केलंय.

घरट्याचा आकार चंबूसारखा. तोंड अरुंद, पोट फुगीर, खोली साधारण दीड फूट. पहिली फजिती इथेच होते. मैदानातल्या खड्ड्यात वाळू जेमतेम फूटभर, खाली मुरूम. म्हणून कोपऱ्यात रेतीचा वेगळा ढीग घातलाय. दुसरी फजिती कोरड्या रेतीची. हात आत गेला की कडा ढासळतात आणि चंबूची परात होते. वरचा कोरडा थर आधी बाजूला सारायचा, खालची दमट वाळू लागली की मगच खोल जायचं. मादीही हेच करते. पुढच्या पायांनी कोरडी वाळू उडवते आणि मागच्या पायांनी ओंजळ-ओंजळ काढत खाली जाते.

[दृश्य: चेंडूवरचा ठिपका, अगदी जवळून.]

आता ठिपका. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ वरच्या बाजूला कवचालगतच्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की गर्भ मरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पन्नास दिवस राखण केल्यावर कळतं की आत काही नव्हतंच. म्हणून एकच नियम: खड्ड्यातून बादलीत, बादलीतून नव्या खड्ड्यात, ठिपका कायम आकाशाकडे. पहिल्या फेरीत निम्मे ठिपके खाली जातात. कारण जवळजवळ नेहमी तेच, घाईने दोन-दोन चेंडू उचलणं.

पण हा सराव मुलांनी किनाऱ्यावर अंडी उचलावीत म्हणून नाही. समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. अंड्यांना हात लावायचा तो वन विभागाच्या परवानगीने काम करणाऱ्या कासवमित्रांनीच. त्यांचं काम चालू असताना मध्ये बोलू नये, धक्का लागू देऊ नये, टॉर्च डोळ्यांवर मारू नये, हे शंभर चेंडू हाताळल्यावर न सांगता समजतं. सूचनांच्या फलकांनी एवढं साधत नाही.

[दृश्य: ऐरोलीची खाडी, तिवरं, ओहोटीचा चिखल.]

ठाणे आणि नवी मुंबईला खाडी आहे, पुळण नाही. इथे चिखल, तिवरं आणि थंडीत फ्लेमिंगो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना समुद्री जिवांची ओळख होते, पण घरटं पाहायचं तर दक्षिणेला जावं लागतं. माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीवर गाडी चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी आणि पुढे वेळास. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते आधीपासून ठाऊक होतं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे कासवांची राखण सुरू केली आणि गावाची दुसरी ओळख झाली.

[दृश्य: एसटीत मागच्या बाकावर वही उघडलेली. तिथी आणि आकडे.]

निघण्याआधी भरतीचं गणित. कोकणातला जुना हिशेब: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे ढोबळमानाने सकाळ-संध्याकाळ सहाला पूर्ण भरती. अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण गस्तीची वेळ ठरवायला पुरतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं. खाली केलेली घरटी तेव्हाच बुडतात.

[दृश्य: पहाटेची पुळण, अजून अंधार.]

गस्त उजाडायच्या आधी, कासवमित्रांच्या मागून, एका ओळीत. मादी रात्री येऊन गेलेली असली तर वाळूत दोन-अडीच फूट रुंदीचा पट्टा उमटतो, येतानाचा एक, जातानाचा एक. रिडलेच्या पायांचे ठसे एकाआड एक पडतात. माग ओलांडायचा नाही, बाजूने चालायचं. स्काऊटच्या काठीवर फूट-इंचांच्या खुणा आहेत, तिने रुंदी मोजून नोंद करायची. काठी वाळूत खुपसायची मात्र नाही. घरट्याचा अंदाज काठीने घेणारे जाणते हात वेगळे असतात, नवशिक्याच्या हातून अंडी फुटतात. आणि एका फुटलेल्या अंड्याचा वास कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना पुरतो.

पुढच्या पायाला धातूचा टॅग दिसला तर आकडा लिहून घ्यायचा. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या कासवांचा संबंध असा एका आकड्यातून उघड झाला.

टॉर्चवर लाल जिलेटीन कागद, दोन पदरी. एका पदरातून पांढरा उजेड झिरपतो. मोबाईल खिशात. पांढऱ्या उजेडाने वर येणारी मादी अंडी न घालताच परत फिरू शकते.

साफसफाईतही पथ्यं आहेत. तुटकी जाळी, थर्माकोल, बाटल्या उचलायच्या. पण अर्धं गाडलेलं जाळं हिसकून काढायचं नाही, वाळूच्या पातळीला कापायचं. खाली घरटं असलं तर ओढाताणीत उघडं पडेल. पर्यटकांनी खणलेले खड्डे आणि गाड्यांच्या चाकोऱ्या बुजवायच्या. चाकोरीत पडलेलं पिल्लू तिच्यातूनच आडवं चालत राहतं आणि समुद्र बाजूला राहतो.

[दृश्य: हॅचरी, म्हणजे अंडी उबवायची राखीव जागा. जाळीचं कुंपण, वर सावली, पाट्यांवर तारखा.]

उधाणापासून आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला हलवलेली अंडी इथे, दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवून. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळूचं तापमान ३० अंशांच्या वर राहिलं तर माद्या जास्त, खाली राहिलं तर नर जास्त. ऊन फारच वाढलं तर दोन्ही नाहीत. वरची सावली त्यासाठी.

चाळिशी उलटली की प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालतात. टोपली वारंवार बघणं हे पोरांच्या वाट्याचं खरं काम. पिल्लं वर आली आणि कुणी पाहिलं नाही, तर नऊ वाजेपर्यंत उन्हाने ती सुकतात. तळहातावर मावणारा वीसेक ग्रॅमचा जीव, त्याला तेवढं ऊन पुरतं.

[दृश्य: सकाळ. दोरी. दोरीमागे गर्दी, पुढे पिल्लं.]

स्काऊटचा दोरखंड आणि काठ्या इथे कामाला येतात. मधली वाट मोकळी, गर्दी दोरीच्या मागे. पिल्लं पाण्यात सोडत नाहीत, पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. एखादं थांबलं तरी ढकलायचं नाही. ‘एकच फोटो’ म्हणत पुढे येणाऱ्या काकांना मागे नेणं हे त्या सकाळचं सगळ्यात अवघड काम, गाठींपेक्षा कितीतरी.

[दृश्य: उकरलेलं घरटं, कवचांचे ढीग, उघडी नोंदवही.]

पिल्लं गेल्यावर काही दिवसांनी घरटं उकरतात. निम्म्याहून मोठं कवच असेल तर एक मोजायचं, तुकडे सोडायचे. समजा पाटीवर ११० आहे आणि कवचं ८४ भरली, तर ७६ टक्के अंडी फळली. उरलेली २६ वेगवेगळ्या रकान्यांत: न फळलेली, अर्धवट वाढून मेलेली, मुंग्यांनी किंवा मुळांनी पोखरलेली. सडक्या अंड्यांचा वास फार वाईट. त्या दिवशी स्काऊटचा स्कार्फ गळ्यात नसतो, नाकावर असतो. कासवमित्र कवच दाखवत आकडा सांगतो, वही धरणारा तो मोठ्याने परत म्हणतो आणि मगच लिहितो. जुनी वाळू बाहेर टाकून खड्डा बुजवतात. पुढचं घरटं त्या जागी नाही, मीटरभर पलीकडे.