पाण्याकडे तोंड असलेलं ऑफिस

[दृश्य: पहाटेचा धक्का. एक जहाज संथपणे आत येतंय.]

धक्क्यावरच्या ऑफिसात सकाळचं ऊन दोन वाटांनी येतं. एक आकाशातून, दुसरं पाण्यावरून उसळून. वरचं ऊन सज्जा अडवतो. खालून येणाऱ्या तिरिपेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

जहाज कंपनीच्या इमारतीत हे दुखणं जास्त बोचतं. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना बंदरात शिरणारी जहाजं बघायची असतात, म्हणून काच जमिनीपासून छतापर्यंत. पण त्याच इमारतीत रात्रंदिवस जागी असणारी एक खोली असते. कुठलं जहाज कुठे पोचलं, पुढे वादळ आहे का, हे पडद्यांवर बघत माणसं पाळीपाळीनं बसलेली असतात. पडद्यावर चकाकी आली की त्यांचं काम अडतं. मला वाटतं, आराखडा काढायला बसावं ते या खोलीपासून. दर्शनी दालन नंतर.

[दृश्य: लिव्हरपूलचा किनारा, क्युनार्ड इमारत.]

१९१७ मध्ये पुरी झालेली ही क्युनार्ड या जहाज कंपनीची कचेरी. इथे कारकून बसत, तसेच प्रवासीही येत. तिकिटांचं दालन, सामान ठेवायची जागा, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांसाठी निरनिराळे प्रतीक्षाकक्ष. जहाजावरची उतरंड जमिनीवरच सुरू व्हायची.

[दृश्य: बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराची कचेरी, पोर्ट हाऊस.]

हे त्याच्या जवळजवळ शंभर वर्षांनंतरचं, २०१६ सालचं. वास्तुकार झाहा हदीद. जुनं अग्निशमन केंद्र तसंच ठेवून त्याच्या डोक्यावर १११ मीटर लांबीचा काचेचा भाग उचलून धरलाय. बंदराचे सुमारे ५०० कर्मचारी, पूर्वी विखुरलेले, इथे एकत्र आले. लोक याचा आकार बघायला येतात. मला त्यातलं आवडतं ते हे, की खालची जुनी इमारत पाडली नाही.

[दृश्य: काँक्रीटच्या खांबाला गेलेले तडे.]

पाण्याकाठच्या इमारतीचा खरा शत्रू मीठ. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपत सळयांपर्यंत पोचतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, तो फुगतो, आणि काँक्रीट आतून फुटतं. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, जिथे खांब रोज भिजतो आणि रोज सुकतो, तिथे हे सगळ्यांत वेगानं घडतं. म्हणून तिथे सळईवर काँक्रीटचा थर जाड ठेवायचा, मिश्रण घट्ट ठेवायचं. कठड्यांना साधं स्टेनलेस स्टील चालत नाही. मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं ३१६ प्रतीचं स्टील लागतं, आणि तेही गोड्या पाण्यानं धुवावं लागतं.

[दृश्य: जर्मनीतलं हाम्बुर्ग, तिथल्या जुन्या बंदराच्या जागेवर वसवलेली हाफेनसिटी.]

१९६२ च्या फेब्रुवारीत समुद्राचं उधाण हाम्बुर्गमध्ये घुसलं. ३१५ माणसं गेली. त्यामुळे हाफेनसिटी वसवताना इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीच्या चौथऱ्यांवर उभ्या केल्या. चौथऱ्याच्या पोटात गाड्या, आणि पाणी चढलं तर बंद करायला पूरदारं. एल्बे नदीच्या काठचा खालचा रस्ता मात्र मोकळा सोडलाय, पाण्याला यायला.

स्विचबोर्ड, जनरेटर, सर्व्हर तळघरात ठेवायची सवय जमिनीवरच्या इमारतींची. इथे ते सगळं वर न्यायचं. त्यासाठी एखादा महागडा मजला खर्ची पडतो, आणि बैठकीत पहिली कात्री त्यालाच लागते. तिथे वास्तुकारानं अडून बसावं.

[दृश्य: संध्याकाळ. दोराला लटकत एक माणूस काचेवरचं मीठ धुतोय. मागून जहाज बाहेर पडतंय.]