अकराव्या दिवशी 'तू'

श्रोतेहो, नमस्कार.

20 एप्रिल 2025, रविवार. दुपारच्या रणरणत्या उन्हात आमच्या दारात रिक्षा थांबली. पलटणीतून रजेवर आलेले हे उतरले, पाठोपाठ पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक उतरली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ह्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आमची थोरली सात वर्षांची. ती ओट्यावरून उडी मारून सरळ गळ्यात पडली. धाकटी तीन वर्षांची. ती आत पळाली. मला वाटलं, लाजली, लपली कुठंतरी. तर थोड्या वेळानं दोन्ही हातांत फुलपात्र धरून, निम्मं पाणी सांडत बाहेर आली. ह्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "पाणी घ्या. तुम्ही कुठनं आलात?"

आमच्याकडं पाहुणा आला की आत्याबाई असंच विचारतात. तिनं ते ऐकून ऐकून उचललेलं. सगळे हसले, हेही हसले. पण पाणी पिऊन झाल्यावर रिकामं फुलपात्र हातात धरून ते बराच वेळ तसेच बसले होते.

आधीची रजा गणपतीतली. मध्ये सात महिने गेले. आपल्याला सात महिने म्हणजे एक सुगी आणि एक लग्नसराई. तीन वर्षांच्या लेकराच्या आठवणीत सात महिने मावतच नाहीत. फोनवर ती रोज 'बाबा बाबा' करायची, पण फोनमधला तळहाताएवढा चेहरा आणि दारातून वाकून आत येणारा, घामाचा वास येणारा, मिशीवाला माणूस हे दोन्ही एकच, हे तिला कोण सांगणार? मी सांगून उपयोग नसतो. ते तिचं तिलाच उमगावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. आज मी तुमच्याशी त्या दिवसांबद्दलच बोलणार आहे.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडं पलटण ही काही नवलाई नाही. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हाला माहीत असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणाचा दगड तिथं उभा आहे आणि गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. अशा मुलखात पोर मोठं होतं तेच पलटणीच्या गोष्टी ऐकत. माझे सासरे मराठा लाईट इन्फंट्रीत होते, बेळगावला शिकून बाहेर पडलेले. हेही त्याच वाटेनं गेले. म्हणजे मी सांगते ते एकटीच्या घरातलं नाही, आमच्या आळीतल्या चार-पाच घरांत हेच आहे.

जवानाला वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक रजा असते आणि 30 दिवसांची कॅज्युअल. कागदावर नव्वद दिवस दिसतात. ती कधी मिळायची, ते पलटणीच्या कामावर ठरतं. आणि उन्हाळ्यात मिळणं तर फारच अवघड, कारण शाळांना सुट्टी मे महिन्यात लागते आणि तुकडीतल्या प्रत्येक बापाला मे महिनाच हवा असतो. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही. मग पाळी लागते. यंदा तुझी, पुढल्या वर्षी माझी. मुलींच्या सुट्टीत बाप घरी, असा उन्हाळा आमच्या वाट्याला थोरलीच्या जन्मापासून तेव्हा दुसऱ्यांदाच आला होता. चाळीस दिवसांची रजा होती.

आणि या चाळीस दिवसांवर किती जणांचा डोळा असतो, ते फौजीच्या बायकोला विचारा. माणूस आला हे कळायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतदीर दारात. सातबाऱ्यावर नाव लागायचं राहिलंय, तलाठ्याकडं जाऊन येऊ. बँकेचं केवायसी. विहिरीवरची मोटर जळली. जेजुरीला जायचं राहिलंय. मेहुण्याच्या मुलीचं लग्न, मग मित्राच्या भावाचं, मग ज्यांनी आमच्या लग्नाला यायची तसदी घेतली होती त्या सगळ्यांचं. यातलं एकही काम खोटं नसतं, आणि बोलावणारे सगळे मायेचे असतात, हे मी मनापासून सांगते. पण 2023 च्या रजेत मी कालनिर्णयवर खुणा केल्या होत्या. तीस दिवसांत हे दिवसभर घरी होते असे दिवस निघाले सहा. त्या सहांतला एक गावातल्या मयतीचा.

त्या रजेतली आणखी एक गोष्ट माझ्या मनाला अजून लागून आहे. निघायच्या दिवशी पहाटे चारला जीप होती. मुली रडतील म्हणून आम्ही त्यांना उठवलंच नाही. थोरली तेव्हा पाच वर्षांची. उठल्यावर तिनं न्हाणीत बघितलं, गोठ्यात बघितलं, माळ्यावर चढून बघितलं. मला काही विचारलं नाही. पुढं कित्येक दिवस ती रात्री झोपेतून उठून माझा हात चाचपायची. आम्ही रडणं टाळायला गेलो आणि लेकराचा भरवसा घालवून बसलो.

म्हणून या खेपेला मी आधीच ठरवलं होतं. पहिले दहा दिवस ह्यांनी गावाचं कुठलंही काम करायचं नाही. लग्न नाही, तलाठी नाही, जेजुरी नाही. मला धाकधूक होती ती आत्याबाईंची. वाटलं, म्हणतील, सून लेकाला घरात कोंडून ठेवते. मी चुलीपुढं बसून भीत भीत विषय काढला. त्यांनी भाकरी थापायची थांबवली आणि मला 1999 चा उन्हाळा सांगितला.

कारगिलचा तो उन्हाळा. हे तेव्हा सात वर्षांचे. आमचे मामंजी मार्चमध्ये रजेवर येऊन गेलेले, आणि त्या रजेतला एकेक दिवस विहिरीच्या कामात गेलेला. सुरुंग लावणं, गाळ काढणं, कडेचं बांधकाम. पोरगं काठावर बसून वाकून बापाला बघायचं. मामंजी परत गेले आणि मे महिन्यात लढाई पेटली. पत्रं बंद. गावात दोन-तीन टीव्ही, तिथं सगळं गाव बसायचं. आत्याबाई जात नसत, त्या पोस्टमनची सायकल बघायच्या. मामंजी सुखरूप आले, पेन्शनीत आले, काही वर्षांपूर्वी घरच्याच माणसांत गेले. पण आत्याबाई मला म्हणाल्या, "हीर झाली गं. पानी अजून हाय. पर त्या पोराला बाप बघाया मिळाला तो वरनं, खड्ड्यातला. तू कर तुझ्या मनासारखं. कुनी काय बोललं तर मी हाय." मग चुलतदीर आले तेव्हा आत्याबाईच ओट्यावर जाऊन बसल्या.

त्या दहा दिवसांत आम्ही काय केलं म्हणाल, तर सांगण्यासारखं काही नाही. हे घरात असायचे, इतकंच. धाकटीला उचलून घ्यायला कुणी सांगितलं नाही. 'जा, बाबाकडं जा, पापी दे' हे तर मी सगळ्या घराला बंद करून टाकलं होतं. लेकराला आपण असं ढकलतो, ते आणखी मागं सरतं, आणि बापाला उगाच चारचौघांत कानकोंडं व्हायला होतं. हे आपले ओट्यावर बसून ट्रंकेतला एकेक जिन्नस काढायचे. अक्रोड, राजमा, वाळलेले जर्दाळू. जर्दाळूची बी दगडानं फोडायचे आणि आतला गर शेजारी ठेवून द्यायचे. कुणाला देतोय असं न दाखवता. पहिल्या दिवशी तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी हात पुढं आला. चौथ्या दिवशी ती शेजारी बसून स्वतः दगड मारत होती. आंघोळीला मात्र अजून मीच लागायची. आणि बोलणं 'तुम्ही'. "तुम्ही सरका." "तुमची मिशी टोचते."

थोरलीला ते खटकायचं. "अगं, आपलाच बाबा आहे, तू म्हण." मी तिला गप्प केलं.

मध्येच 22 तारखेला पहलगामच्या हल्ल्याची बातमी आली. सव्वीस माणसं गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. हे टीव्हीपुढं उभे होते, बसले नाहीत. त्या दिवसापासून फोन उशाला आला. आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही.

30 एप्रिलला अक्षय्य तृतीया. आमच्याकडं त्या दिवसापर्यंत आंबा खात नाहीत. आधी पितरांना दाखवायचा, मग घरानं खायचा. घागर पुजली, मामंजींच्या नावानं पान वाढलं, आणि मग सोप्यात सगळे रसाला बसलो. कोयी एका परातीत. धाकटीनं एक मोठी कोय बाजूला काढून ठेवली होती, सगळ्यात शेवटी चोखायची म्हणून. ह्यांना माहीत नव्हतं, त्यांनी ती उचलली. आणि ही पोरगी ताटावरून उठून उभी राहिली, हनुवटीवरून रस गळतोय, आणि जोरात ओरडली, "ए बाबा! तू माझी कोय घेतलीस!"

घर एकदम गप्प. हे कोय हातात धरून नुसते तिच्याकडं बघत राहिले. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. अकरावा दिवस होता.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते काय सांगू. आंघोळीला बाबा, वेणीला बाबा. झोपताना बाबाच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोप नाही. आम्ही कुरडयांचा घाट घातला. कुरडयांचं तुम्हा बायकांना माहीत आहे, गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवायला घ्यायचा. चीक हाटायला आणि सोऱ्या फिरवायला मनगटात जोर लागतो. हे म्हणाले, यंदा सोऱ्या माझ्याकडं. 7 मेच्या सकाळी ह्यांनीच गहू निवडून भिजत घातला. त्याच सकाळी टीव्हीवर ऑपरेशन सिंदूर आलं होतं. धाकटीला ह्यांनी निरगुडीची एक फोक तोडून दिली, साल काढून गुळगुळीत करून. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की कावळ्यांवर तुझा पहारा, म्हणाले. ती काठी घेऊन ती दिवसभर फिरत होती.

त्या रात्री ह्यांनी ट्रंकेतून बूट काढले आणि पॉलिश करत बसले. फोन आलेला नव्हता. मी विचारलं नाही. फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चाळीसातले एकोणीस दिवस झाले होते.

या वेळी दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं. "मला बोलावणं आलंय. आज संध्याकाळी जाणार. कामाचं ठिकाण लांब आहे, रोज फोन होणार नाही. काम झालं की येणार." तारीख सांगितली नाही. जी माहीत नाही ती सांगायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं. थोरली रडली, खूप रडली, रडू दिलं. धाकटीनं विचारलं, "गहू?" हे म्हणाले, "गव्हाचं तू बघ." दिवसाउजेडी, सगळ्या आळीसमोर, दोघींना कडेवर घेऊन फाट्यापर्यंत चालत गेले. गाडी हलली तेव्हा दोघी जाग्या होत्या आणि त्यांना दिसत होतं, बाबा कुठल्या दिशेला गेला ते. त्या रात्री थोरलीनं माझा हात चाचपला नाही.

गहू काही कुणासाठी थांबत नाही. 10 तारखेला पहाटे चीक शिजवायला घेतला. सोऱ्या मी आणि जाऊबाईंनी आळीपाळीनं फिरवला, दोन्ही खांदे भरून आले. मुलींनी वाटीत गरम चीक आणि दूध-साखर खाल्लं. गच्चीवर जुन्या धोतरावर पांढऱ्याशुभ्र कुरडया, आणि कोपऱ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून काठी घेतलेली आमची शिपाई. संध्याकाळी बातमी आली, गोळीबार थांबला. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

दोन दिवसांनी फोन आला, मिनिटभराचा. 'ठीक आहे' इतकाच. मुली झोपल्या होत्या.

मग मे संपत आला. त्या वर्षी पाऊस लवकरच आला, बरं झालं कुरडया आधी डब्यात गेल्या. 30 मेला खडकवासल्याला एनडीएतून, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून, पहिल्यांदाच मुली पास होऊन बाहेर पडल्या, सतरा जणी. टीव्हीवर त्यांचं संचलन दाखवलं. आमच्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्येही आता मुलींना घेतात, तेव्हापासून थोरलीच्या डोक्यात ते बसलंय. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. मला वाटलं विचारेल, मला जाता येईल का. तिनं विचारलं, "आई, यांच्यातल्या कुणाचे बाबा फौजेत असतील ना? त्यांना रजा मिळाली असेल का गं, बघायला?"

श्रोतेहो, तुमच्या भावकीत, शेजारात कुणी रजेवर आला, तर पहिले दहा दिवस त्याला काही सांगू नका. तलाठी कुठं जात नाही. लग्नाचा आहेर बायकोच्या हाती पोचतो. जेजुरीचा खंडोबा वाट बघेल. भेटायचं तर जरूर जा, पण त्याला घरातून उठवू नका. आणि त्याच्या लेकराला 'बाबा परत कधी जाणार' असं विचारू नका. आमच्या गावात हे अगदी सहज, मायेनं विचारतात. आल्या दिवसापासून. त्या पोरीनं नुकती मोजायला सुरुवात केलेली असते.

1 जूनला, रविवारी, नीट फोन लागला. थोरली आधी बोलली, भरभर, शाळेचं, पावसाचं, वासराचं. मग फोन धाकटीकडं गेला. तीन आठवडे झाले होते. माझा जीव मुठीत. माझं सगळं लक्ष तिच्या पहिल्या शब्दाकडं. ती फोन कानाला लावून जरा वेळ गप्पच होती. मग कोपऱ्यातली काठी आणायला पळाली, ती आणून फोनपुढं धरली, आणि म्हणाली, "बाबा, कावळ्यानं एक पण नाही नेली. तू ये, मी दाखवते."