घटनेच्या वर ‘श्री’ का नाही?

नमस्कार, श्रोतेहो.

लग्नपत्रिका असो की दिवाळीची नवी वही, आपला हात आधी ‘श्री’ काढतो. मग देशाची राज्यघटना लिहिली, तेव्हा वर ‘श्री’ का नाही आला?

यावा, असा आग्रह झाला होता. १७ ऑक्टोबर १९४९. संविधान सभेत सरनाम्यावर चर्चा, अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. हरि विष्णु कामत उठले. आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात आलेला हा माणूस. म्हणाले, सरनामा ‘ईश्वराच्या नावाने’ सुरू करा. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी उभे राहिले. कामाख्येच्या मुलखातले! आम्ही शाक्त, ईश्वराला आणताय तर देवीलाही आणा, म्हणाले. शिब्बनलाल सक्सेनांना ईश्वराबरोबर गांधीजींचंही नाव हवं होतं. हृदयनाथ कुंझरूंना यात संकुचितपणा दिसला. पूर्णिमा बॅनर्जींनी तर कामतांना विनवलं, ईश्वरावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका हो.

कामत हटले नाहीत. हात वर झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. पुन्हा सांगते, बाजूने ४१, विरुद्ध ६८. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस, असं कामत म्हणाले. मला तसं वाटत नाही. त्या ६८ जणांतले कितीतरी जण घरी रोज देवापुढे हात जोडत असतील. आपला देव दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. (सभागृहातल्या या जुन्या चर्चा शाळेत मोठ्याने वाचून घ्यायला हव्यात. नुसता सरनामा पाठ करून काय होणार?)

अमेरिकेत उलटं झालं. तिथल्या घटनेत देवाचं आवाहन नाही, सरकारने धर्म स्थापू नये अशी दुरुस्ती १७९१ पासून आहे. तरी यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, दोन सेंटच्या नाण्यावर ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे शब्द आले आणि १९५६ मध्ये कायद्याने तेच राष्ट्राचं ब्रीद ठरलं. ज्याचा विश्वास नाही, त्याच्याही खिशात तीच नोट.

आपलं ब्रीद ‘सत्यमेव जयते’. मुंडक उपनिषदातलं, पण त्यात कुठल्या देवाचं नाव नाही. रुपया हातात घ्या, सिंहांखाली बघा. अक्षरं बारीक आहेत, चष्मा लागेल.

आणि आमदारांचा शपथविधी लागला की कान देऊन ऐका. एक जण ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणतो, दुसरा ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणतो. माईक तोच, पुढचा मजकूरही तोच.

नमस्कार.